मधले घड्याळ कोणी पुसले? छायाचित्राला ‘जुने’ करण्याचा इतिहास

१/
साल १९१०. अमेरिकेतील मोंटाना राज्य. पिगन जमातीच्या एका राहुटीत दोन पुरुष बसले आहेत : लिटल प्लूम आणि त्यांचा मुलगा यलो किडनी. मूळ छायाचित्रात दोघांच्या मध्ये एक घड्याळ ठेवलेले स्पष्ट दिसते. ग्रंथात छापल्या गेलेल्या चित्रात मात्र ते घड्याळ नाही. ते का पुसले गेले, आणि आपल्या मोबाइलमधल्या ‘व्हिंटेज’ फिल्टरशी त्याचे नाते काय, हे सांगणारा हा धागा. 🧵

२/
आज एखाद्या फोटोला जुनेपणा देण्यास काही क्षण पुरतात. रंग उतरवायचे, तपकिरी छटा चढवायची, कडा काळवंडवायच्या, दोन-चार ओरखडे टाकायचे. झाला फोटो शंभर वर्षांपूर्वीचा! पण या प्रत्येक कृतीला स्वतःचा इतिहास आहे. तो रसायनशास्त्रापासून सुरू होतो आणि सत्तेच्या राजकारणापर्यंत जाऊन पोहोचतो. आधी रसायन पाहू.

३/
पहिली गोष्ट : जुन्या छायाचित्रांचा असा एकच रंग कधीही नव्हता. १८३९ मध्ये फ्रान्समध्ये जाहीर झालेला दागेरोटाइप हा चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा असे, आरशासारखा चकचकीत. हातात धरून किंचित कलता केला की उजेड-सावल्यांची उलटापालट होई. १८४२ मध्ये जॉन हर्शेल यांनी शोधलेल्या सायनोटाइपमधील चित्र गडद निळे असे. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीचे अस्सल छायाचित्र रुपेरी असू शकते, निळेही असू शकते.

४/
मग तपकिरी रंग कुठून आला? त्याचे मोठे श्रेय अंड्याला जाते. १८५० मध्ये ब्लांकार-एव्हरार या फ्रेंच छायाचित्रकाराने अल्ब्युमिन कागद पुढे आणला. अंड्याच्या पांढऱ्या बलकात मीठ मिसळून त्याचा थर कागदावर द्यायचा, मग तो कागद सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणावर तरंगवायचा. वाळल्यावर काचेच्या निगेटिव्हखाली ठेवून उन्हात धरला की चित्र आपोआप उमटू लागे.

५/
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील बहुसंख्य छायाचित्रे याच कागदावर छापलेली आहेत. जर्मनीतील ड्रेस्डेन शहर या उद्योगाचे केंद्र होते. तेथील एका मोठ्या कारखान्याने १८८८ या एका वर्षात अठरा हजारांहून अधिक रीम कागद तयार केला. एका रीमला २७ डझन अंडी लागत. हिशेब केला तर वर्षाला साठ लाखांहून अधिक अंडी होतात!

६/
उन्हात उमटलेल्या अशा चित्रातील चांदीचे कण अतिसूक्ष्म असतात आणि त्यांच्यामुळे चित्राला तांबूस-तपकिरी झाक येते. पुढे जे कागद रासायनिक द्रावणात ‘डेव्हलप’ करावे लागत, त्यांतील चांदी तंतूंच्या गुंत्यासारखी तयार होई आणि चित्र काळे दिसे. धातू एकच, परंतु कणांचा आकार आणि रचना बदलली की रंग बदलतो. आपण ज्याला ‘जुन्या काळाचा रंग’ म्हणतो, तो चांदीच्या कणांचा रंग आहे.

७/
त्यातही एक मेख आहे. त्या काळचे छायाचित्रकार ही तांबूस प्रत तशीच गिऱ्हाइकाच्या हाती देत नसत. ती सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात बुडवत. त्याला ‘गोल्ड टोनिंग’ म्हणत. त्याने रंग चॉकलेटी-जांभळट होई, चित्र अधिक टिके, आणि उजळ भाग स्वच्छ पांढरे राहत. नवी कोरी अल्ब्युमिन प्रत पिवळी नसे. आपल्या पणजोबांच्या पिढीने ती पाहिली तेव्हा ती ताजी आणि टवटवीत होती.

८/
पिवळेपणा नंतर आला. अंड्यातील प्रथिने आणि शर्करा यांच्यात हळूहळू एक अभिक्रिया होत राहते. पावाचा वरचा थर भाजताना तपकिरी होतो, तोच हा प्रकार. शिवाय हवेतील आणि नीट न धुतलेल्या प्रतीतील गंधक चांदीवर हल्ला करते. छायाचित्रे फिकी पडण्याची समस्या इतकी गंभीर होती, की १८५५ मध्ये लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीने तिच्यासाठी खास समिती नेमली. राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी त्या कामास ५० पौंड दिले.

९/
थोडक्यात, आजचा फिल्टर जुन्या छायाचित्राची नक्कल करतो असे आपल्याला वाटते, पण प्रत्यक्षात तो छायाचित्राच्या आजारपणाची नक्कल करतो. १८७० मधील माणसाने पाहिलेले जग त्यात नसते. त्या जगाच्या कागदावर दीडशे वर्षांत जे डाग पडले, ते मात्र असतात.

१०/
‘सेपिया’ हा शब्दही असाच फसवा आहे. मूळ सेपिया म्हणजे समुद्रातील माकूल जातीच्या जिवापासून मिळणारी तपकिरी शाई. छायाचित्रातील सेपियात ती शाई नसते. काळ्या प्रतीतील चांदी आधी क्षारात बदलायची, मग सोडियम सल्फाइडच्या द्रावणात बुडवून तिचे सिल्व्हर सल्फाइड करायचे, ही ती कृती. डार्करूममध्ये कुजक्या अंड्यांचा वास पसरे. गंमत पाहा, जे गंधक चित्राचा घात करी, तेच शिस्तीने वापरले की चित्राला दीर्घायुषी करी.

११/
काळवंडलेल्या कडांचेही तसेच. त्या प्रामुख्याने भिंगाच्या मर्यादेतून येत, कारण मध्यभागाच्या मानाने कडांपर्यंत उजेड कमी पोहोचे. पण एकोणिसाव्या शतकातील स्टुडिओंमध्ये मुद्दाम केलेला ‘व्हिनेट’ बहुधा उलटा असे. चेहऱ्याभोवतीचे चित्र हळूहळू पांढऱ्या कागदात विरत जाई. फिल्टरने स्टुडिओची हौस सोडली आणि भिंगाचा दोष उचलला.

१२/
आणि जी गोष्ट फिल्टरला सहसा साधत नाही, ती म्हणजे जुन्या काचेची ‘नजर’. १८५१ पासून प्रचलित झालेल्या ओल्या कोलोडियनच्या काचा निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील आणि तांबड्या-केशरी प्रकाशाला जवळजवळ आंधळ्या होत्या. त्यामुळे निळे आकाश पांढरेफटक येई आणि भगवा फेटा काळपट दिसे. आजच्या फोटोतला रंग काढून तपकिरी केला, तर भगवा फेटा उजळ राखाडी येतो. ही खूण लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

१३/
आता इतिहासाचे वळण. १८९० च्या दशकापासून काळ्या रंगाचे, डेव्हलप करण्याचे जिलेटिन कागद रुळू लागले. म्हणजे तपकिरी रंग आता अपरिहार्य राहिला नाही. तो ऐच्छिक झाला. याच सुमारास ‘पिक्टोरिअलिझम’ ही चळवळ जोरात होती. छायाचित्र हे चित्रकलेसारखे मृदू, धूसर, भावपूर्ण असावे, असे तिचे म्हणणे. १९०२ मध्ये आल्फ्रेड स्टीग्लिट्झ यांनी न्यूयॉर्कमध्ये ‘फोटो-सिसेशन’ हा गट स्थापला. कॅमेरा आधुनिक होत असतानाच छायाचित्र जाणूनबुजून जुने दिसू लागले होते.

१४/
या वातावरणात घडलेला एक छायाचित्रकार म्हणजे एडवर्ड कर्टिस. सिॲटल शहरात त्याचा नावाजलेला स्टुडिओ होता. १९०० मध्ये मोंटानात त्याने पिगन लोकांचा सूर्यनृत्य विधी पाहिला आणि मिसिसिपी नदीच्या पश्चिमेकडील मूलनिवासी जमातींचे चित्रण हेच त्याचे जीवितकार्य झाले. १९०६ मध्ये धनाढ्य बँकर जे. पी. मॉर्गन यांनी त्यासाठी ७५,००० डॉलर देऊ केले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ग्रंथाला प्रस्तावना लिहिली.

१५/
‘द नॉर्थ अमेरिकन इंडियन’ हा तो ग्रंथ. १९०७ ते १९३० या काळात त्याचे वीस खंड निघाले. चित्रांची संख्या दोन हजारांहून अधिक. ती फोटोग्राव्ह्युअर पद्धतीने, म्हणजे तांब्याच्या कोरीव पत्र्यावरून, उंची कागदावर तपकिरी शाईत छापलेली. हा तपकिरी रंग अंड्याच्या बलकातून आलेला नव्हता, चांदीच्या कणांतूनही नव्हता. तो निवडलेल्या शाईचा होता. ताज्या घटनेचे चित्र पहिल्याच दिवशी भूतकाळाचा पोशाख घालून वाचकासमोर येत होते.

१६/
पण नुसत्या रंगाने काम भागत नव्हते. चित्रात आधुनिक वस्तू दिसली की जुनेपणाचा भंग होई. म्हणून काही चित्रांतून छत्र्या, पँटचे पट्टे, गाड्या अशा खुणा गाळल्या गेल्या. ख्रिस्तोफर लायमन या अभ्यासकाने १९८२ मध्ये मूळ आणि छापील चित्रे शेजारी ठेवून हे सविस्तर दाखवले. पिगन राहुटीतले घड्याळ हे त्यातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. घड्याळासहचे रूप अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात आहे, म्हणूनच आपल्याला ही तुलना करता येते.

१७/
संगणक नसताना हे कसे करीत? त्या काळी त्यासाठी ठरलेली हत्यारे होती. निगेटिव्हवर धारदार पात्याने थर खरवडला की प्रतीत ती जागा गडद होई. पेन्सिलीने किंवा कुंचल्याने निगेटिव्हवर भर दिली की ती जागा उजळ होई. प्रत्येक चांगल्या स्टुडिओत रीटचिंग करणारे कसबी हात असत. चेहऱ्यावरची सुरकुती पुसणारा हातच घड्याळही पुसू शकत होता.

१८/
आता खरा प्रश्न. त्या घड्याळाने कोणाचे काय बिघडले असते? ते लिटल प्लूम यांच्या राहुटीत होते. पूर्वजांच्या वस्तू आणि घड्याळ एकाच घरात सुखाने नांदत होते. त्या माणसांनी विसावे शतक आपल्या पद्धतीने घरात घेतले होते. घड्याळ गेले आणि चित्रातून तेवढीच एक साक्ष पुसली गेली : ही माणसे आपल्याच काळात जगत आहेत, ही.

१९/
आणि तो काळ साधा नव्हता. १८८० च्या दशकापर्यंत गव्यांचे कळप संपले. १८८३-८४ च्या हिवाळ्यात ब्लॅकफीट लोकांमध्ये, ज्यांच्यात पिगन मोडतात, उपासमारीने शेकडो माणसे मेली. १८८३ च्या सरकारी नियमांनी सूर्यनृत्यावर बंदी घातली. १८९५ च्या करारात डोंगराकडची जमीन हातची गेली. त्याच जमिनीचा समावेश करून १९१० मध्ये, म्हणजे राहुटीतले छायाचित्र घेतले त्याच वर्षी, ग्लेशिअर राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले.

२०/
कर्टिसच्या एका गाजलेल्या चित्राचे नाव आहे ‘द व्हॅनिशिंग रेस’, लोप पावणारा वंश. १९०४ मधील या चित्रात नावाहो घोडेस्वारांची रांग पाठमोरी, अंधाराकडे जाताना दिसते. जो समाज चित्रात आधीच भूतकाळात गेला, त्याच्या आजच्या जमिनीबद्दल, आजच्या भुकेबद्दल, आजच्या करारांबद्दल बोलण्याची निकड कोणाला वाटणार? त्याच्याविषयी हळहळ तेवढी वाटते. जुनेपणाची छटा न्यायाच्या प्रश्नाचे रूपांतर हुरहुरीत करते. या धाग्याचा गाभा हाच आहे.

२१/
कर्टिसला खलनायक ठरवून मोकळे होणे मात्र अनैतिहासिक ठरेल. त्याने मेणाच्या नळ्यांवर हजारो गीते ध्वनिमुद्रित केली, भाषांचे शब्दसंग्रह केले, आयुष्याची तीस वर्षे आणि आपला संसार त्यापायी पणाला लावला. त्याच्या चित्रांत आज अनेक मूलनिवासी कुटुंबांना आपले पूर्वज सापडतात. साधन मौल्यवान आहे, म्हणूनच त्यात काय पुसले गेले हे जाणून घेणे अधिक महत्त्वाचे आहे. आणि तो वंश? लोप पावला नाही. ब्लॅकफीट लोक आजही मोंटानात आहेत.

२२/
माणसांना त्यांच्या खऱ्या जागेतून आणि काळातून उचलण्याचे हे तंत्र आपल्याकडेही होते, तेही कर्टिसच्या पन्नास वर्षे आधी. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या सदस्यांपैकी एक. याच वर्तुळातील विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईतील ‘पौर्वात्य वंश आणि जमाती’ यांच्यावर दोन खंड प्रसिद्ध केले.

२३/
त्यांतील बरीच चित्रे जोडकामाची आहेत. माणसांना एका ठिकाणी उभे करून फोटो घ्यायचा आणि त्यांच्या आकृती दुसऱ्याच दृश्याच्या पार्श्वभूमीवर बसवायच्या. म्हणजे माणूस खरा, ठिकाणही खरे, पण ते दोघे त्या क्षणी एकत्र नव्हते! नीट पाहिले तर आकृतींच्या कडा आणि सावल्या चुगली करतात. ‘फोटोशॉप’ हा शब्द जन्माला येण्याच्या सव्वाशे वर्षे आधी मुंबईत हे चालू होते. पाहणाऱ्याला ‘नमुने’ हवे होते, आणि चित्राने नमुने पुरवले.

२४/
आता आपल्या काळात येऊ. ऑक्टोबर २०१० मध्ये इन्स्टाग्राम सुरू झाले. त्याच्या सुरुवातीच्या फिल्टरांपैकी एकाचे नावच ‘१९७७’ होते. मोबाइलच्या लहान कॅमेऱ्यांची चित्रे तेव्हा निस्तेज येत. फिल्टरने तो दोषच शैली म्हणून खपवला. आपल्या सहलीच्या फोटोला जुनेपणा देण्यात गैर काही नाही. तो आपला फोटो, आपली हौस. गैर तेव्हा होते, जेव्हा तीच छटा पुरावा म्हणून मिरवू लागते.

२५/
उदाहरण आपल्या ओळखीचे आहे. ‘झाशीच्या राणीचे खरे छायाचित्र’ म्हणून एक तपकिरी चित्र वर्षानुवर्षे फिरते. सोबत बहुधा लिहिलेले असते : वर्ष १८५०, छायाचित्रकार जॉन्स्टन अँड हॉफमन. पण कलकत्त्याची ही पेढी सुरू झाली १८८० च्या दशकात, आणि राणी लक्ष्मीबाई धारातीर्थी पडल्या १८५८ मध्ये. मजकुरातील दोन गोष्टी एकमेकींनाच खोडतात. तरीही लाखो लोक हात जोडतात, कारण चित्र तपकिरी आहे!

२६/
जुने छायाचित्र समोर आले, तर स्वतःला विचारायचे प्रश्न :
▪️ ते कोणत्या संग्रहात आहे? मूळ प्रत कुठे आहे?
▪️ छायाचित्रकाराचा काळ आणि व्यक्तीचा काळ जुळतो का?
▪️ १८३९ पूर्वीच्या व्यक्तीचा ‘फोटो’ तर नाही ना?
▪️ १८६० चे म्हणतात, आणि आकाशात ढगांचे बारीक पदर दिसतात? भगवे-तांबडे रंग उजळ आलेत? मग सावध व्हा.
▪️ तेच ओरखडे दुसऱ्या चित्रावरही त्याच जागी आहेत का?

२७/
आणि आपण स्वतः संपादन करत असू, तर काही पथ्ये. घरातले जुने फोटो स्कॅन केल्यावर मूळ फाइल तशीच जपा, बदल तिच्या प्रतीवर करा. रंग भरले, डाग काढले किंवा छटा चढवली, तर तसे स्पष्ट लिहा. फोटोची मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, तारीख, आजीच्या अक्षरातली दोन नावे, हा तपकिरी रंगापेक्षा शतपटीने भक्कम पुरावा असतो. आणि चित्रातली ‘नको असलेली’ वस्तू कापण्यापूर्वी दोनदा विचार करा.

२८/
कारण ती नको असलेली वस्तूच पुढे इतिहासकाराच्या कामी येते. भिंतीवरचे कॅलेंडर, कोपऱ्यातला रेडिओ, मागची सायकल, टेबलावरची औषधाची बाटली. माणूस कोणत्या काळात, कशाच्या आधाराने जगत होता, हे या वस्तू सांगतात. छायाचित्र सुंदर दिसावे म्हणून आपण त्यांना हटवतो, आणि नकळत त्या माणसाचा काळ हटवतो.

२९/
जुनेपणा ही वस्तूने स्वतः कमावण्याची गोष्ट आहे. कागद पिवळा पडतो, चांदी विरते, कोपरे झिजतात, आणि त्या प्रत्येक डागामागे खरी वर्षे असतात. वरून चढवलेल्या जुनेपणामागे वर्षे नसतात, कोणाची तरी इच्छा असते. म्हणून तपकिरी चित्र पाहिले की रंगाला भुलू नका. हा रंग कोणी दिला आणि तो देताना चित्रातून काय काढले, एवढे विचारा. इतिहासाचा अभ्यास त्याच प्रश्नापासून सुरू होतो.

(समाप्त)

धागा आवडला तर इतिहासप्रेमी मित्रांपर्यंत जरूर पोहोचवा. आणि आपल्या घरातील जुन्या फोटोत अशी एखादी ‘नको असलेली’ पण बोलकी वस्तू दिसली, तर खाली अवश्य सांगा. 🙏